सिंह, माशी आणि इस्त्री

आफ्रिकेत राहायला गेलेल्या माणसाला नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो सिंहाचा. दुसरा पगाराचा असतो, पण तो आडून येतो: "बचत होत असेल ना बरी तिकडं?" सिंहाच्या बाबतीत मात्र आडपडदा नाही. "संध्याकाळी घराबाहेर पडता येतं का गं?" असं मला दर फोनला विचारते ती माझी मावशी. ही मावशी चंद्रपूरला ऊर्जानगरात राहते. तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघ फिरतात, बिबटे फिरतात, त्यांचे फोटो पेपरात येतात. मावशी स्वतः सातच्या आत घरात असते. तरी काळजी आमची.

आम्ही राहतो ते गाव झांबियाच्या उत्तरेला, तांब्याच्या पट्ट्यात आहे. नाव चिलिलाबोंब्वे. माझ्या सासूबाई त्याला शेवटपर्यंत चिलीबोंबील म्हणाल्या आणि मीही त्यांना टोकायचं सोडून दिलं. राजधानी लुसाका साडेचारशेएक किलोमीटर खाली, कांगोची हद्द मात्र हाकेच्या अंतरावर. त्या हद्दीवर कासुंबालेसाच्या नाक्याशी तांब्याचे ट्रक इतके लांबवर उभे असतात, की ड्रायव्हर मंडळी रस्त्याकडेला चूल मांडून जेवण करतात, कपडे धुतात, दोऱ्या बांधून वाळत घालतात. गाव वसवलं इंग्रजांनी. तेव्हा त्याचं नाव बँक्रॉफ्ट होतं आणि खाण सुरू झाली १९५७ मध्ये. त्या काळचे बैठे बंगले, जांभळ्या फुलांची जॅकरांडाची झाडं आणि गोल्फचं मैदान अजून आहे. म्हणजे भाजी कुठं मिळेल याची खात्री नाही, पण गोल्फची सोय आहे. सिंह बघायचा तर शेकडो किलोमीटर गाडी हाकायची, अभयारण्याच्या दारात डॉलर मोजायचे आणि पहाटे चारला उठून, जीपमध्ये कुडकुडत, तो झोपलेला बघायचा. त्यापेक्षा मावशीकडे चार दिवस जाऊन राहिलेलं स्वस्त पडेल.

ज्याला भिऊन लोक आफ्रिकेत यायचं टाळतात, ते इथं आल्यावर भेटतच नाही. भेटते ती माशी.

पुत्सी माशी म्हणतात तिला. घरमाशीहून जराशी मोठी, पिवळट तपकिरी. ती डसत नाही, कानाशी गुणगुणत नाही. तिचं एकच काम: सावलीत वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालणं. तो कपडा आपण अंगात घातला की अळी गुपचूप कातडीत शिरते आणि काही दिवसांनी तिथं गळू येतं. साधंसुधं गळू नाही. त्याला मध्यभागी एक भोक असतं आणि त्या भोकातून आतलं कुणीतरी श्वास घेत असतं. उपाय सोपा आहे. वर व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा. हवा बंद झाली की आतला भाडेकरू आपणहून डोकं बाहेर काढतो. मग दोन बोटांनी दाबून त्याला घर खाली करायला लावायचं. प्रतिबंध त्याहून सोपा: प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री.

प्रत्येक म्हणजे प्रत्येक. नव्यानं आलेला माणूस हे ऐकून मान डोलावतो आणि शर्ट-पँटला इस्त्री करतो. पंधरा दिवसांनी तो उभ्यानं जेवायला लागला की खाणीच्या कॉलनीला कळतं, चड्डी राहिली होती. बनियन, चड्ड्या, मोजे, टॉवेल, अभ्रे, बाळाची दुपटी, परकराचा नेफा आणि नेफ्यातली नाडीसुद्धा. दोन्ही बाजूंनी. शिवणीवर जरा थांबून. आमच्या शेजारी सांगलीकडचे एक सर्व्हेअर राहतात. गावाकडे असताना ते शर्ट दोरीवरून काढून, झटकून, तसाच अंगात घालत. आज त्यांच्या कपाटात बनियनांची चळत अशी रचलेली असते, की वहिनी म्हणतात, "यांच्या लग्नातल्या सुटाला एवढी इस्त्री नव्हती."

आता इस्त्री म्हटली की वीज आली. खरं तर ती येत नाही, अडचण तीच आहे. झांबियाची वीज मुख्यतः पाण्यावर चालते. झांबेझी नदीवरचं करिबा धरण १९५९ मध्ये बांधून झालं. साठवणुकीच्या हिशेबानं त्याचा जलाशय जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय आहे. पाऊस पाठ फिरवतो तेव्हा एवढं मोठं धरणही काय करणार? २०२४ च्या दुष्काळात पाणी तळाला गेलं आणि देशभर दिवसाचे बहुतेक तास अंधारात जाऊ लागले. तसं पाहिलं तर महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला लोडशेडिंग शिकवायला लागत नाही. आमच्या पिढीनं मेणबत्तीवर दहावी काढली आहे. पण तेव्हा आम्हाला नाडीला इस्त्री करायची नव्हती.

वेळापत्रक मोबाईलवर येतं. रात्री एक ते चार वीज असं आलं की संध्याकाळी साडेसातलाच कॉलनी झोपते. एक वाजता सगळ्या बंगल्यांत एकदम दिवे लागतात आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं उभी दिसतात: हैदराबादचे, उदयपूरचे, दक्षिण आफ्रिकेचे, आमच्यातले. सगळे इस्त्री करतात. कुणाचा कुकर शिट्ट्या देतो, कुठं वॉशिंग मशीन थरथरतं. आमच्या संसारातले मोठे निर्णय हल्ली याच वेळी होतात. मुलीला पुढच्या वर्षी भारतात ठेवायचं का, यावर आम्ही बोललो तेव्हा नवऱ्याच्या हातात माझा परकर होता. विषय गंभीर होता, पण परकराला वाफ देत असलेल्या माणसाशी फार कडाक्याचं भांडण करता येत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही बामायो म्हणतो. आईच्या वयाच्या बाईला इथं अशीच आदरानं हाक मारतात. त्यांनी आमची ही निशाचर वृत्ती काही दिवस मुकाट्यानं बघितली आणि एके सकाळी पिशवीतून एक जड वस्तू काढून ओट्यावर ठेवली. कोळशाची इस्त्री. त्यांच्या आजीची. शेजारी मबाउला, म्हणजे पत्र्याची शेगडी, त्यात रसरशीत लाकडी कोळसा. तासाभरात आठवड्याचे कपडे हातावेगळे. "वीज काय, येते-जाते," असं म्हणून त्यांनी वर माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो मी माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत बघितलेला आहे. मी चंद्रपूरची. माझे वडील कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाले. कोळशाचा हा उपयोग मला कॉपरबेल्टमध्ये येऊन कळला.

पाण्याची तऱ्हा विजेच्या उलट. इथली कोंकोला खाण जगातल्या सर्वांत पाणथळ खाणींपैकी एक आहे. तिच्यातून दिवसाला तीन लाख घनमीटरच्या आसपास, म्हणजे तीस कोटी लिटर पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं. पंप थांबले तर खाण बुडेल, म्हणून खाणीची वीज शक्यतो तोडत नाहीत. माझा नवरा तिथं पंपांवर आहे. दिवसभर जमिनीखाली जवळजवळ एक किलोमीटरवर गमबूट घालून पाण्यात उभा राहतो, पाण्याला शिव्या देतो आणि घरी येऊन मग्गाभर पाण्यात आंघोळ करतो, कारण आमच्या बोअरवेलच्या पंपाला वीज नसते. एकदा सासूबाईंनी त्याला सहज विचारलं, "इतकं पाणी फेकता तं येताना दोन बादल्या घेऊन काहून येत नाही रे?" त्यानं उत्तर दिलं नाही. इंजिनीअर माणसाला अशा साध्या प्रश्नांची सवय नसते.

इथं माणसाची ओळख नावावरून नंतर होते, आधी होते ती तो लीव्हवर कधी जाणार यावरून. "लीव्ह कधी?" हाच नमस्कार. कारण लीव्हवर जाणारा माणूस परत येतो आणि परत येताना त्याच्याजवळ तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असतात. त्या बॅगा त्याच्या असतात असा त्याचा समज असतो. मिळत नाही असं नाही. किटवे आणि न्डोला या शहरांत गुजराती दुकानदारांच्या पिढ्या गेल्या आहेत. त्यांच्याकडे खाखरा आहे, ढोकळ्याचं पीठ आहे, अगरबत्ती आहे, अगदी रुद्राक्षाची माळसुद्धा मिळते. थालीपिठाची भाजणी नाही, गोडा मसाला नाही, जाड पोहे नाहीत. गुजरातनं आफ्रिकेत येऊन दुकान काढलं आणि महाराष्ट्रानं येऊन उधारीची वही उघडली, हा फरक आहेच. पण बॅगेतला खरा मान मसाल्याला नसतो. तो कुकरच्या रिंगेला असतो. भाजणीशिवाय माणूस जगतो. रिंग गेली की एक वाजता उठून लावलेला कुकर नुसताच फुसफुसत राहतो आणि तीन तासांची वीज डाळीवर वाया जाते. म्हणून कॉलनीत रिंगा, शिट्ट्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांचा साठा कुणाकडे किती आहे, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं.

सासूबाई जूनमध्ये आल्या त्या अशाच. नागपुरात निघायच्या आदल्या रात्री बॅग वजनकाट्यावर चढली, कॉलनीकरांची यादी तपासली गेली आणि रिंगांना जागा व्हावी म्हणून त्यांचा साबुदाणा बाहेर निघाला. हा अपमान त्यांनी विमानभर मनात ठेवला आणि न्डोलाच्या विमानतळाबाहेर आल्या आल्या मुलाला ऐकवला. "आठ घरच्या शिट्ट्या आणल्या मी. माझ्या उपासाला काय शिट्ट्या खाऊ?"

त्यात त्यांना कालनिर्णय आणि आभाळ यांचा मेळ लागेना. आषाढ म्हणजे पाऊस, तर इथं आषाढात कोरडी कडाक्याची थंडी, पहाटे स्वेटर. पाऊस येतो दिवाळीच्या सुमारास. आंबे पिकतात नाताळात, झाडाखाली सडा पडतो, रस्त्यावर बादलीच्या मापानं विकतात. संकष्टीची तर वेगळीच पंचाईत. भारत आमच्या साडेतीन तास पुढं. चंद्रपूरची जाऊबाई फोन करून सांगते, "उगवला हो चंद्र, सोडा उपास," आणि आमच्याकडे अंगणात अजून उजेड. सासूबाईंनी पहिल्या महिन्यात जाऊबाईंचा चंद्र धरला आणि दुसऱ्या महिन्यात झांबियाचा. "जिथं खायचं तिथला चंद्र," हा निर्णय त्यांनी स्वतःच दिला आणि उपाशी माणसानं दिलेला असूनही तो न्याय्य होता.

आषाढी एकादशी आली. साबुदाणा नाही. वरईचे तांदूळ नाहीत. सासूबाई सकाळपासून दुधावर आणि रागावर होत्या. दुपारी बामायो मागच्या पायरीवर आपला डबा उघडून बसल्या. डब्यात पांढऱ्या कंदाचे सोललेले तुकडे आणि भाजलेले शेंगदाणे. एक तुकडा, चार दाणे, एक तुकडा, चार दाणे. सासूबाई जाळीच्या दारातून बघत होत्या.

"हे काय खाते?"

मी विचारलं. कसावा. कच्चाच खातात, दाण्यांबरोबर, फार आवडीनं.

"कसावा म्हणजे?"

आता आली का पंचाईत. कसावा म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. तिथून साबुदाणा नागपुरात येतो, नागपुरातून आमच्या बॅगेत येतो, आणि इथं, ज्या देशात हा कंद शेताच्या बांधावर उगवतो, तिथं आम्ही साबुदाणा नाही म्हणून तोंड पाडून बसलो होतो. शेंगदाणेही होते. म्हणजे बामायो साबुदाण्याची खिचडीच खात होत्या, मधला कारखाना आणि कढई तेवढी वगळून. सासूबाई दार उघडून पायरीवर जाऊन बसल्या. बामायोंनी डबा पुढं केला.

त्यातून पुढच्या एकादशीला चिकांदा आला. हा इथला एक चविष्ट प्रकार. रानातल्या ऑर्किडचे बारीक कंद वाळवून, कुटून, त्यात शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि तिखट घालून शिजवतात. शिजल्यावर वडीसारखा कापता येतो आणि दिसतो अगदी मटणाच्या पदार्थासारखा, त्यामुळं शाकाहारी माणसं आधी दोन पावलं मागं सरतात. कंद, दाणे, मीठ, मिरची: उपासाला आक्षेप कुठला? आक्षेप निघाला सोड्याचा. घट्ट व्हावा म्हणून त्यात खाण्याचा सोडा घालतात. नागपूरच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लागला. त्यांना पातेलं दाखवलं. गुरुजींनी बराच वेळ पातेल्याकडे बघितलं, "हा कंद भूमिगत आहे का?" असं विचारलं आणि सोडा सोडून बाकीच्याला मान्यता दिली. बामायोंनी बिनसोड्याचा केला. तो घट्ट झालाच नाही. आम्ही तो वाटीत घेऊन दाण्याची आमटी म्हणून प्यालो. उत्तम झाला होता. बामायोंच्या तोंडावरून मात्र कुणीतरी त्यांच्या हातून पुरणपोळीचं धिरडं करवून घेतलंय हे स्पष्ट दिसत होतं.

नागपंचमीला वॉचमनबाबांची परीक्षा झाली. बाबा या खाणीतूनच निवृत्त झालेले, पांढरी दाढी, थंडी असो नसो अंगात खाकी कोट. आमच्या परसात वाळवीचं वारूळ आहे. वारूळ म्हणजे आपल्याकडचं गुडघाभर नव्हे. दोन पुरुष उंच, वर झाडं उगवलेली. या भागात जिकडे तिकडे अशी वारुळं दिसतात, आणि त्यांच्या मातीच्या विटा पाडून लोक घरं बांधतात. सासूबाईंनी ते पहिल्या दिवशीच हेरलं होतं. "नागपुरात पाटावर नाग काढून पूजा करतो. इथं तं साक्षात राजवाडा आहे." हळद-कुंकू, मक्याच्या लाह्या, वाटीत दूध घेऊन त्या निघाल्या. बाबा हातात गवत कापायचं लांब पातं घेऊन मागोमाग.

"आई बिळात दूध का ओतते आहे?" बाबांनी मला विचारलं.

"आत नाग असेल म्हणून."

"आत नाग असेल म्हणूनच तर मी म्हणतोय, लांब उभं राहा."

"त्याला सांग," सासूबाई मागं न बघता म्हणाल्या, "आजच्या दिवशी कापायचं-चिरायचं नसतं. ते पातं खाली ठेव म्हणावं."

बाबांनी पातं खाली ठेवलं आणि नारळाएवढा दगड उचलला. दगडाबद्दल शास्त्रात काही नसल्यानं पूजा पार पडली. थंडीचे दिवस, आतून कुणी आलं नाही. दूध शेजारच्या मांजरानं प्यालं.

भाद्रपदात गणपती बसला तो त्याच वारुळाच्या मातीचा. शाडू नाही म्हणून कॉलनीत चिंता चालली होती. सासूबाईंनी माती चाळली, मळली आणि दोन दिवसांत विटकरी रंगाची, जरा अंगानं भारदस्त मूर्ती उभी केली. मखराला चिटेंगे, इथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते रंगीबेरंगी कापड. तांदळाचं पीठ संपलं होतं, मग उकडीचे मोदक मक्याच्या पिठाचे, पांढरेशुभ्र, कळ्या पाडल्या की लगेच तडकणारे. बामायोंच्या चर्चमधली पोरं ढोल घेऊन आरतीला आली. त्यांनी धरलेल्या ठेक्यावर आरती म्हणताना उदयपूरच्या भाभी आधी टाळ्या, मग कंबर आणि शेवटी भान विसरल्या.

विसर्जन कुठं करायचं, हा प्रश्न खाणीच्या शिस्तीनं, मीटिंग घेऊन सोडवला गेला. बादलीत करावं हा ठराव सासूबाईंनी फेटाळला. नदी हवी. नदी म्हणजे काफुए, आणि काफुएत मगरी आहेत, पाणघोडे आहेत. शेवटी खाणीतल्या सेफ्टी विभागाच्या एका सद्गृहस्थांनी नियम घातले: पाण्यापासून पाच मीटरच्या आत मुलं नाहीत, वाकायचं नाही, रेंगाळायचं नाही, एक माणूस फक्त पाण्याकडे बघणार. बघायचं काम वॉचमनबाबांकडे आलं. आरती सुरू झाली. बाबा म्हणाले, "तो ओंडका मघाशी इथं नव्हता." एवढ्या द्रुत लयीत संपलेली आरती मी आयुष्यात ऐकलेली नाही. माझ्या नवऱ्यानं आणि सांगलीच्या सर्व्हेअरांनी मूर्ती काठाशीच पाण्यात सोडली आणि पुढच्या वर्षी लवकर येण्याचं आमंत्रण सगळ्यांनी गाडीकडे पळता पळता दिलं. ओंडका ओंडकाच निघाला. पण ते खात्रीनं कळलं तेव्हा आम्ही गाडीत काचा वर करून बसलो होतो.

परतताना बाबा गप्प होते. फाटकाशी उतरताना त्यांनी मला विचारलं, "हे तुमचे पाहुणे आता परत कधी येणार?"

"पुढच्या वर्षी."

"किती दिवस?"

"दहा."

"आणि बाकी वर्षभर?"

"बाकी वर्षभर आपल्या गावी. आई-वडिलांकडे."

बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. दहा दिवस ड्युटी, उरलेलं वर्ष लीव्ह, येण्याजाण्याचा खर्च दुसऱ्यांचा, राहण्याजेवण्याची सोय वेगळी. तीसेक वर्षं खाणीत काढून असं कॉन्ट्रॅक्ट त्यांनी गोऱ्या साहेबाच्या हातातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "हे कोणत्या डिपार्टमेंटला असतात?"